रस्त्याचं काम निघालं की दारातल्या झाडाचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या जुन्या वसाहतीत एकामागून एक रस्ते खणले जात आहेत. कधी ड्रेनेज, कधी केबल, आता काँक्रीट. आम्ही चार-पाच शेजारी सुट्टीच्या दिवशी टेप आणि वही घेऊन रस्त्यावरची झाडं मोजतो, खोदकाम सुरू असेल तिथे जाऊन उभं राहतो, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देतो. आता भाजी घेतानाही कोणीतरी थांबवून विचारतं, "अहो, आमच्या समोरच्या करंजाचं काय होईल?" पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. कायद्याची माहिती महाराष्ट्रातल्या महापालिका-नगरपालिका हद्दीतली आहे, बाकीचं कुठल्याही गावाला लागू पडेल.

आमच्या गल्लीत काँक्रीटीकरण होणार आहे. एकही झाड तोडणार नाही असं अधिकाऱ्यांनी सांगितलंय. मग काळजी कसली?

करवत लागली नाही म्हणजे झाड वाचलं, असं होत नाही. रस्त्याच्या कामात झाडाला मार बसतो तो जमिनीखाली. जेसीबीच्या एका फेरीत बुंध्याच्या एका बाजूची मुळं तुटतात, वर पानं मात्र हिरवीच राहतात, कारण खोडात आणि उरलेल्या मुळांत साठवलेलं अन्न असतं. त्यावर झाड वर्ष-दोन वर्षं काढतं. मग शेंडा वाळायला लागतो, नाहीतर भर पावसात माती भिजून सैल झाली की वाऱ्याच्या एका झोताने ते आडवं होतं. तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं, आणि पेपरात "पावसाने झाड कोसळलं" एवढंच छापून येतं.

आमच्या फाटकासमोरचा सोनमोहर असाच गेला. एप्रिल महिन्यात पावसाळी गटारासाठी त्याच्या पश्चिमेला, बुंध्यापासून दोन फुटांवर, सरळ चर मारला गेला. त्या वर्षी तो भरभरून फुलला, रस्त्यावर पिवळा सडा पडला आणि आम्ही निश्चिंत झालो. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये एका पहाटे तो पूर्वेकडे पडला. उपटलेला बुंधा बघायला मी खाली उतरले, तर त्याची पश्चिमेची बाजू भिंतीसारखी सपाट होती. मुळांची टोकं चराच्या रेषेत एका ओळीत तुटलेली, काळी पडलेली, बोटाने दाबली तर भुसा होत होती. पावसाळी वारा आमच्याकडे पश्चिमेचा. तंबूच्या वाऱ्याकडच्याच दोऱ्या कापल्या तर तंबू उभा कसा राहणार? त्या दिवसापासून मी वही धरली.

मुळं तर खोल जातात ना? वरवरच्या खोदकामाने काय बिघडतं?

"झाड जेवढं वर तेवढं खाली" असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. मुळांना पाण्याबरोबर हवाही लागते, आणि हवा वरच्या थरातच असते. म्हणून बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत पसरलेली असतात. पुण्यासारख्या ठिकाणी तर थोडं खणलं की मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो, झाड खोल जाणार तरी कुठे? ते आडवं जातं, अगदी फांद्यांच्या सावलीच्याही पलीकडे.

बुंध्याजवळची जाड मुळं झाडाला धरून ठेवतात. पाणी आणि अन्न ओढतो तो टोकाचा केसासारखा बारीक जारवा, आणि तो बुंध्यापासून बराच लांब असतो. त्यामुळे रस्त्याच्या कामात झाडाला दोन वेगवेगळे फटके बसू शकतात. जवळ खणलं तर आधार जातो, लांब खणलं तर तोंडचं पाणी जातं.

आणि खणायलाच हवं असंही नाही. मुळांवरून खडीचा ट्रक चार वेळा गेला तरी माती दबून घट्ट होते, आणि तिच्यातली हवेची जागा संपते. सगळ्यात जास्त दाब पहिल्या काही फेऱ्यांतच बसतो. "आता एवढे ट्रक गेलेच आहेत, अजून दोन गेले तर काय" या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण म्हणूनच पहिलाच ट्रक अडवायला हवा.

झाडापासून किती अंतर सोडायचं, हे कसं ठरवायचं?

सुतळी घ्या. छातीच्या उंचीला खोडाभोवती सैल न ठेवता चार वेढे द्या. मग सुतळी सोडून सरळ ताणा आणि एक टोक बुंध्याला लावा. दुसरं टोक जिथे पोचतं तिथपर्यंत झाडाचा संसार आहे असं समजा. त्या अंतराने झाडाभोवती चुन्याची फक्की मारून गोल काढा.

हा अंदाज हवेतला नाही. ब्रिटनमध्ये बांधकामाजवळच्या झाडांसाठी 'बीएस ५८३७' नावाचं मानक आहे. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ राखायला सांगितलंय. व्यासाची बारा पट म्हणजे घेराची जवळजवळ चार पट. तिथे जमिनीखालून पाइप आणि केबल टाकणाऱ्या कंपन्यांची मार्गदर्शिका तर सरळ घेराच्या चार पटच धरते. आपल्याकडे झाडाचा व्यास कोणी मोजत नाही, घेरच मोजतात, म्हणून मला सुतळीची रीत जास्त सोयीची वाटते. लहान मुलांनाही ती पाच मिनिटांत येते.

हिशेब करून बघा. घेर १५७ सेंटिमीटर असेल तर खोडाचा व्यास ५० सेंटिमीटर. व्यासाने मोजलं तर ६ मीटर, सुतळीने मोजलं तर ६.२८ मीटर. फरक पावलाभराचा.

आमचा अख्खा रस्ताच ९ मीटरचा आहे! सहा मीटर सोडले तर काम होणार कुठे?

हा प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्या अभियंत्यांना मी कधीच झाडांचे शत्रू समजले नाही. रस्ता हवाच आहे, ड्रेनेज तर त्याहून हवं. त्या वर्तुळात कामच करू नका असं कोणी म्हणत नाही. वर्तुळाच्या आत कामाची पद्धत बदला, एवढंच मागणं आहे. बाहेर यंत्र चालू द्या, आत हाताने खणा. बुंध्यापासून पहिल्या एक मीटरमध्ये मात्र काहीच खणायचं नाही, कुदळीनेही नाही. ब्रिटनमधली मार्गदर्शिकाही तो मीटर वर्ज्यच मानते.

शिवाय बऱ्याचदा जागा असते, नकाशात दाखवलेली नसते एवढंच. आमच्याच मागच्या गल्लीत पदपथाची कड कडुनिंबाजवळ दीड हात आत वळवली. त्यासाठी एका मोटारीची पार्किंगची जागा गेली. कनिष्ठ अभियंता जागेवर आले, स्वतः टेप धरला, आणि दहा मिनिटांत निर्णय झाला. तेच काम कागदावर मंजूर होऊन आलं असतं तर तीन महिने गेले असते.

काम सुरू होण्याआधी झाडाची तपासणी आम्ही सामान्य माणसं करू शकतो का?

करू शकता, आणि करायलाच हवी. काम सुरू होण्याआधीची नोंद नसेल तर नंतर "झाड आधीपासूनच रोगट होतं" या वाक्याला तुमच्याकडे उत्तर नसतं.

वहीत एका झाडाला एक पान द्या. झाडाचं नाव, घेर, रस्त्याच्या कडेपासूनचं अंतर, समोरच्या घराचा किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक. मग झाडाभोवती एक फेरी मारा, वरून खाली बघत. शेंड्याच्या फांद्यांना पालवी आहे का, की नुसत्या काड्या उरल्यात? पानं नेहमीपेक्षा बारीक आणि विरळ वाटतात का? (पानगळीच्या दिवसांत हे बघून उपयोग नाही, शेजारच्या त्याच जातीच्या झाडाशी ताडून बघा.) दोन मोठ्या फांद्या जिथे फुटतात त्या बेचक्यात चीर आहे का? खोडावर ढोली असेल तर तिची लांबी-रुंदी लिहा आणि आत पोपट, साळुंकी, धनेश असं कोणी राहतंय का तेही लिहा.

बुंध्यापाशी मात्र बसा. खरंच खाली बसा. बहुतेक लोक झाडाकडे मान वर करून बघतात, आणि महत्त्वाचं सगळं पायाशी असतं. जमिनीला लागून लाकडासारखी कडक, तपकिरी, वर चकाकी असलेली पंख्यासारखी अळंबी आली असेल तर ती गॅनोडर्मा असण्याची शक्यता मोठी. गुलमोहरावर ती फार दिसते. ती आली म्हणजे आतलं लाकूड कुजतंय. लाकडी मोगरी किंवा जाड दांडक्याने खोडावर ठिकठिकाणी हलकेच ठोकून बघा. भरीव लाकडाचा आवाज बद्द येतो आणि पोकळीवर ढोलासारखा घुमतो. कललेल्या झाडाची पाठीमागची, म्हणजे कलाच्या उलट बाजूची जमीन फुगली किंवा तडकली असेल, तर ते झाड मुळासकट हलतंय. ही एकच खूण अशी आहे की ती दिसल्यावर अर्ज लिहीत बसू नका, लगेच फोन करा. मुंबईत महापालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे, इतर शहरांत अग्निशमन दल.

कललेलं प्रत्येक झाड धोक्याचं नसतं, हेही लक्षात असू द्या. सूर्यप्रकाशासाठी वर्षानुवर्षं रस्त्याकडे झुकत वाढलेला पर्जन्यवृक्ष आपला तोल सांभाळून असतो. त्याचा शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला दिसेल. कालपरवा कललेल्या झाडाचा शेंडाही खोडाच्याच रेषेत तिरपा राहतो.

शेवटी फोटो. चारही दिशांनी, आणि प्रत्येक फोटोत टेप किंवा निदान पाण्याची बाटली ठेवून, म्हणजे मापाचा अंदाज येतो.

ठेकेदाराने खोडाला गोणपाट गुंडाळलंय. पुरे आहे का?

गोणपाटाने साल वाचते, आणि तेही कमी नाही. जेसीबीच्या बादलीचा एक धक्का हातभर साल सोलून काढतो. सालीच्या लगेच आत अन्न वाहून नेणारा पातळ थर असतो, तो खोडाच्या सगळ्या बाजूंनी तुटला तर झाड वाचत नाही.

पण खरं कुंपण खोडापासून लांब हवं. बांबू आणि हिरवी जाळी, किंवा पत्रे, कमरेइतके उंच आणि जमिनीत पक्के रोवलेले. कुंपणाच्या आत काही म्हणजे काही नको. खडीचा ढीग नको, सिमेंटच्या गोण्या नकोत, कामगारांची चूल नको. मिक्सर धुतलेलं पाणी झाडाच्या आळ्यात सोडण्याची सवय तर सगळीकडे आहे. ते पाणी चुन्यासारखं क्षारट असतं, मातीचा पोत बिघडवतं आणि जारवा जाळतं. डांबराची भट्टी फांदीखाली लावली तर वरची पानं दुसऱ्या दिवशी करपलेली दिसतात. हे सगळं टाळायला पैसे लागत नाहीत, पहिल्या दिवशी मुकादमाला जागा दाखवून द्यावी लागते.

खोडावरचे गेरू-चुन्याचे पट्टे रात्री वाहनांना दिसावेत म्हणून असतात. त्यांनी झाडाचं संरक्षण होतं असं समजू नका.

खोदताना मूळ लागलं तर?

थांबायचं. आधी ते किती जाड आहे ते बघायचं. अंगठ्यापेक्षा बारीक, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटरच्या आतलं मूळ अगदीच आड येत असेल तर धारदार करवतीने किंवा कात्रीने सरळ कापता येतं. त्याहून जाड मूळ कापायचं नाही. त्याच्या खालून माती काढून पाइप सरकवायचा. उद्यान विभागाच्या माणसाने जागेवर बघितल्याशिवाय जाड मुळाला कोणी हात लावू नये.

जेसीबीच्या दातांनी ओढलेलं मूळ आणि करवतीने कापलेलं मूळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओढलेलं मूळ चराच्या कडेला तुटलेलं दिसतं, पण आत बुंध्यापर्यंत उभं चिरत जातं. त्या चिरांमधून कुज आत शिरते. करवतीचा काप स्वच्छ असतो, आणि त्याच्या मागून नवीन मुळं फुटतात. मूळ तुटलंच असेल तर चिंध्या झालेला भाग मागे चांगल्या लाकडापर्यंत कापून घ्या. कापावर डांबर, रंग असं काहीही लावायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, उन्हाची. मेच्या उन्हात उघडं पडलेलं जारव्याचं जाळं बघता बघता कोमेजतं. ओलं तरट त्यावर लगेच टाकायचं, दिवसातून दोन-तीनदा भिजवायचं, आणि शक्यतो त्याच दिवशी माती परत लोटायची. कुठली माती? निघालेलीच. विटांचे तुकडे आणि सिमेंटचा राडारोडा भरून वर चार पाट्या माती पसरायची पद्धत आहे, तसं करू देऊ नका.

गेल्या उन्हाळ्यात बकुळीजवळ चर खणला जात होता. मी जेसीबीवाल्या दादांना म्हटलं, "दादा, इथून पुढे पाच पावलं हाताने घेता का?" ते म्हणाले, "ताई, मला लाइन सरळ काढायला सांगितलीये." मी वाद घातला नाही. खाली वाकून माती थोडी बाजूला केली आणि दाखवलं. मनगटाएवढं मूळ होतं, आणि त्यापासून फुटलेली पांढरी टोकं ओल्या मातीत चमकत होती. दादांनी इंजिन बंद केलं, उतरून आले, बघितलं, आणि मुकादमाला हाक मारली. "हे जित्तं आहे, ह्याला घमेलं-कुदळच लागेल." जालन्याकडचे होते, घरी मोसंबीची बाग होती. मूळ म्हणजे काय हे त्यांना मी शिकवायची गरजच नव्हती, फक्त कोणीतरी थांबवायला हवं होतं.

केबल आणि ड्रेनेजवाले तर रस्ता झाल्यावर पुन्हा येतात. त्यांचं काय?

हाच सगळ्यात मोठा त्रास आहे. एकाच झाडाची मुळं तीन वर्षांत तीन वेळा कापली जातात. रस्ता करतानाच केबलसाठी डक्ट, म्हणजे पुढे केबल ओढायला रिकामी नळी, टाकून घ्या, हा आग्रह निविदेच्या आधी धरावा लागतो, नंतर ऐकायला कोणी नसतं. झाडाखालून जायचंच असेल तर उघडा चर न मारता मीटरभर खोलीखालून आडवं भोक पाडून पाइप नेता येतो. शहरांत नदी-नाल्याखालून असे पाइप नेतातच, यंत्रं उपलब्ध आहेत.

जुनं काँक्रीट आमच्या झाडाच्या बुंध्याला अगदी भिडलंय. ते फोडता येतं का?

फोडायलाच हवं. राष्ट्रीय हरित लवादाने २३ एप्रिल २०१३ रोजी दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला होता की बुंध्याभोवती एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढा, आणि झाडांवरचे फलक, खिळे, तारा उतरवा. आदेश दिल्लीचा असला तरी नंतर ठिकठिकाणचे नागरिक त्याचाच आधार घेऊन महापालिकांकडे गेले, आणि मुंबईसह अनेक शहरांत झाडांची आळी मोकळी करण्याची कामं निघाली.

फोडताना ब्रेकर लावू देऊ नका. काँक्रीटच्या अगदी खाली, ओलाव्याच्या शोधात, मुळं चिकटून बसलेली असतात. छिन्नी-हातोड्याने तुकडे पाडून पहारीने हलके उचलावेत. खालची माती दगडासारखी झालेली असते, ती एकदम खणू नका. पालापाचोळ्याचा चार बोटं जाडीचा थर द्या, बुंध्याला न टेकवता, आणि पाणी द्या. एक पावसाळा गेला की गांडुळं ते काम स्वतः करतात.

आळं किती मोठं ठेवायचं? निदान मीटरभर चारी बाजूंनी, जागा असेल तर जास्त. आळ्याची कड रस्त्यापेक्षा उंच बांधली तर पावसाचं पाणी बाहेरूनच वाहून जातं. ही चूक मी नव्या-चकचकीत पदपथांवर पुन्हा पुन्हा बघते.

मुळांनी पेव्हर ब्लॉक उचललेत, लोक ठेचकाळतात. मूळ तासून टाकलं तर?

नको. पेव्हर तिथून काढा, मुळाभोवती बारीक खडी किंवा मुरूम अंथरा, आणि पदपथाला तेवढ्यापुरता हलका उतार द्या. म्हातारी माणसं आणि व्हीलचेअर दोन्ही त्यावरून जाऊ शकतात. आळंच मोठं करता आलं तर उत्तम.

कायदा आमच्या बाजूने आहे का? मुळं कापणं म्हणजे काही झाड तोडणं नव्हे, असं ठेकेदार म्हणतो.

ठेकेदार चूक आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ यात 'झाड तोडणे' याच्या व्याख्येतच जाळणं, कापणं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं. हे 'कोणत्याही प्रकारे' तुमच्या अर्जात ठळक लिहा. परवानगीशिवाय मुळं तोडणं या व्याख्येत बसतं.

याच कायद्याने प्रत्येक महापालिकेत आणि नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं, आणि वृक्ष अधिकारी नेमलेला असतो. झाड तोडायचं असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, झाडावरही नोटीस लावावी लागते, आणि हरकतींसाठी सात दिवस मिळतात. म्हणून झाडावर कागद दिसला की आधी त्याचा फोटो काढा. पावसाने तो दोन दिवसांत विरघळतो.

२०२१ मध्ये कायद्यात मोठे बदल झाले. ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवीन झाडं लावायची, अशी अटही आली. त्यामुळे झाडाचं वय हा आता वादाचा मुद्दा होतो. जुने फोटो असलेली आजी-आजोबा मंडळी इथे फार उपयोगी पडतात. १९७२ च्या दुष्काळात ह्याच झाडाखाली टँकर उभा राहायचा, अशी आठवणही अर्जात तारखेसह लिहावी.

झाडाची किंमत विचारणारेही भेटतात. पश्चिम बंगालमधल्या जेसोर रस्त्यावर उड्डाणपुलांसाठी जुनी झाडं तोडण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने एका झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरलं होतं. ऑक्सिजन, खत आणि इतर फायदे मिळून. मला स्वतःला झाडाला असा आकडा लावणं जड जातं, पण अंदाजपत्रकाच्या बैठकीत तो आकडा सांगितला की समोरचा लिहून घेतो.

एकदा झाड वाचलं की वाचलं ना?

सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा वड आठवा. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो जाणार होता. चारशे वर्षांचा म्हणून गावकरी आणि निसर्गप्रेमी त्याच्यासाठी उभे राहिले, आणि २०२० मध्ये केंद्र सरकारने रस्त्याच्या आराखड्यात बदल करून त्याला जागा दिली. त्या दिवशी महाराष्ट्रभर आनंद झाला, आमच्याकडेही पेढे वाटले गेले. दोनच वर्षांनी, २०२२ मध्ये, तो वड कोसळला. ती बातमी वाचून मी दिवसभर काही बोलले नव्हते. आराखड्यात झाड ठेवणं ही सुरुवात असते, त्याच्या पायाखालची जमीनही तितकीच राखावी लागते.

झाड वाचवण्यापेक्षा दुसरीकडे हलवलं तर?

रोप किंवा तरुण झाड असेल, मुळांचा मोठा गोळा काढता येत असेल आणि पुढची दोन-तीन वर्षं पाणी द्यायला माणूस असेल, तर हलवा. रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाच्या बाबतीत हे तिन्ही सहसा जमत नाही. एका बाजूला गटार, दुसरीकडे केबल, गोळा काढणार कुठून? वड-पिंपळासारखी झाडं त्यातल्या त्यात जगतात, गुलमोहर-सोनमोहरासारखी फार कमी.

मुळं कापली गेली, म्हणून भार कमी करायला फांद्या छाटाव्यात का?

वाळलेल्या आणि मोडक्या फांद्या काढा. हिरव्या फांद्यांना हात लावू नका. नवीन मुळं फुटायला अन्न लागतं आणि ते पानांतूनच येतं. झाड पडण्याचा खरोखर धोका असेल तर किती आणि कुठून छाटायचं हे उद्यान विभागाच्या जाणकाराने ठरवावं. शेंडा उडवून खुंट करणं हा उपाय नाही, त्या खुंटावर फुटलेल्या फांद्या कमकुवत असतात आणि काही वर्षांनी त्याच खाली येतात.

अर्ज कसा लिहायचा? लिहायला बसलं की राग येतो आणि पानभर भरतं.

राग खरा असतो, पण अधिकाऱ्याला जागा, माप आणि वेळ हवी असते. आम्ही साधारण असं लिहितो:

"मा. वृक्ष अधिकारी, उद्यान विभाग यांस. विषय: खोदकामामुळे झाडाच्या मुळांना होत असलेली इजा तातडीने थांबवणेबाबत. महोदय, अमुक रस्त्यावर, अमुक खांबासमोर, करंजाचे झाड असून घेर १४० सें.मी. आहे. दि. अमुक रोजी सकाळी ११ वाजता बुंध्यापासून ७० सें.मी. अंतरावर यंत्राने चर खोदण्यात आला. ५ सें.मी.हून जाड तीन मुळे तुटली आहेत. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. १९७५ च्या अधिनियमानुसार झाडास कोणत्याही प्रकारे इजा करणे म्हणजे झाड तोडणे होय. तरी जागेवर पाहणी करून पंचनामा करावा, तोवर या ठिकाणचे यंत्राने खोदकाम थांबवावे, ही विनंती."

एक प्रत पथ विभागाला द्या, आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आठवड्यात काही हललं नाही तर माहिती अधिकारात त्या कामाचा कार्यादेश आणि झाडांबाबतच्या अटी मागवा. अटी बहुधा असतातच. त्या वाचलेल्या माणसाशी ठेकेदाराचा माणूस वेगळ्या सुरात बोलतो.

काम संपलं, रस्ता गुळगुळीत झाला. आता किती दिवस लक्ष ठेवायचं?

निदान तीन पावसाळे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या, मुळं कापली गेली त्या बाजूला आणि बुंध्यापासून जरा लांब. रोज बुंध्यावर तांब्याभर ओतून काही होत नाही. युरिया वगैरे पहिल्या वर्षी देऊ नका. दर पावसाळ्याच्या आधी जुनी वही काढा, त्याच जागी उभं राहून तोच फोटो पुन्हा काढा आणि शेजारी ठेवून बघा.

आमच्या बकुळीचा तिसरा फोटो अजून काढायचा आहे. मेच्या शेवटच्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही तिथे असू. टेप आमच्याकडे आहे, सुतळी तुम्ही आणा.